पीईजी लावलेले मॅग्नेटाइटचे नॅनोकण : लेप बसला हे कशावरून म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने सहअवक्षेपणाने (लोहाच्या दोन क्षारांच्या द्रावणातून एकत्र गाळ पाडून) मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकी ऑक्साइडचे कण केले आणि त्यांवर पीईजी-६००० चा, म्हणजे सहा हजारच्या आसपास रेणुभाराच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा, लेप दिला. कण तिला हायपरथर्मियासाठी, म्हणजे चुंबकी क्षेत्राने तापवून गाठीवर उपचार करण्यासाठी, हवेत. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कण ११ नॅनोमीटरचे दिसतात, डीएलएसमध्ये (द्रवातल्या कणांचा आकार विखुरलेल्या लेझरवरून मोजतात त्यात) मात्र २४० येतात. एफटीआयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) पीईजीच्या पट्ट्या आहेत, टीजीएमध्ये (नमुना तापवत वजन मोजताना) वजन २२ टक्के घटतं, व्हीएसएम या चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात संपृक्त चुंबकन, म्हणजे जास्तीत जास्त चुंबकन, ६१ वरून ४६ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅमवर आलं. पूड पाण्यात सोनिकेट केली, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवून मिसळली, तरी दोन तासांत तळाशी बसते. गाईडचं मत असं की लेप जाड झाल्यामुळे चुंबकत्व कमी झालं, तेव्हा पॉलिमर कमी घालून पुन्हा करावं. तिला विचारायचंय : लेप नीट बसला का, आणि पुढे काय करू?

तुमच्या आकड्यांवरून नमुन्यात पीईजी आहे एवढंच सिद्ध होतं. ते कणांना धरून आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या मते त्यातलं बरंचसं गुठळ्यांमध्ये नुसतं अडकलेलं आहे, आणि पॉलिमरचं प्रमाण कमी केल्याने यातलं काहीही सुटणार नाही.

चुंबकनाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तिथे काळजीचं कारणच नाही. व्हीएसएमसाठी आपण जे वजन करतो ते कण आणि पॉलिमर मिळून असतं. पॉलिमरला चुंबकत्व नाही, पण भागाकारात त्याचं वजन येतं. टीजीएने २२ टक्के पॉलिमर दाखवलं, म्हणजे प्रत्येक ग्रॅममध्ये मॅग्नेटाइट ०.७८ ग्रॅमच आहे. ४६ ला ०.७८ ने भागा : ५९ येतात. मूळ ६१ आणि हे ५९ यांतला फरक वजन करताना होणारी चूक, नमुना होल्डरमध्ये कसा बसलाय आणि थोडंसं ऑक्सिडीकरण यांत सहज जातो. लेपाने कणांचं चुंबकत्व बिघडवलेलं नाही. सलग मॅग्नेटाइटचं चुंबकन ९२ च्या आसपास असतं; १०-१२ नॅनोमीटरच्या कणांत पृष्ठभागावरचे स्पिन (अणूंची इवलीशी चुंबकं) विस्कटलेले असल्यामुळे ते ६० च्या घरात येणं नेहमीचंच आहे. प्रबंधात दोन्ही आकडे द्या, नमुन्याच्या दर ग्रॅमला आणि मॅग्नेटाइटच्या दर ग्रॅमला. परीक्षक हमखास विचारतात.

टीजीए वाचतानाही एक गोष्ट सांभाळा. हवेत चालवलात तर मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट (जास्त ऑक्सिजन असलेलं लोहाचं ऑक्साइड) होताना वजन साडेतीन टक्क्यांपर्यंत वाढतं आणि पॉलिमर कमी दिसतं. नायट्रोजनमध्ये चालवलात तर जळून उरलेला कार्बन ६०० अंशांच्या वर लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन खेचून नेतो आणि पॉलिमर जास्त दिसतं. म्हणून मी नायट्रोजनमध्ये चालवून ५०० अंशांपर्यंतची घट धरते, आणि त्यातून लेप नसलेल्या कणांची घट (ओलावा आणि पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल) वजा करते. लेप नसलेल्या कणांचा टीजीए केलेला नसेल तर तो आधी करून घ्या.

आता त्या २२ टक्क्यांकडे नीट बघू. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, पण फार थोडे लोक करतात. ११ नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणाचं आकारमान सुमारे ६९७ घन नॅनोमीटर. मॅग्नेटाइटची घनता ५.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर एका कणाचं वजन ३.६ ॲटोग्रॅम (ॲटोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाचा अब्जांश). २२ टक्के पॉलिमर म्हणजे एका कणामागे सुमारे एक ॲटोग्रॅम पीईजी. पीईजी-६००० ची एक साखळी ०.०१ ॲटोग्रॅमची. म्हणजे एका कणामागे शंभरेक साखळ्या झाल्या. कणाचा पृष्ठभाग ३८० चौरस नॅनोमीटर. पाण्यात सैल गोळा होऊन बसलेली पीईजी-६००० ची साखळी साधारण साडेतीन नॅनोमीटर त्रिज्येची असते आणि सुमारे ३८ चौरस नॅनोमीटर जागा अडवते. सपाट पृष्ठभागावर अशा दहाच मावतील. कण गोल असल्यामुळे बाहेरच्या बाजूला जागा वाढते, ती उदारपणे धरली तरी पंचवीस-तीसच्या पुढे जाता येत नाही. तुमच्याकडे शंभर आहेत.

साखळ्या याहून दाट बसू शकतात, पण त्यासाठी त्यांना ताणून उभं राहावं लागतं, आणि ताणलेल्या साखळीला पृष्ठभागाशी पक्कं धरून ठेवणारा बंध लागतो. साध्या पीईजीकडे तसा बंध नाही. त्याच्या टोकांना दोन हायड्रॉक्सिल, मध्ये सगळे ईथर ऑक्सिजन. लोहाच्या ऑक्साइडवरच्या हायड्रॉक्सिलशी ते फक्त हायड्रोजन बंध करतात, आणि पाणी तेच काम तितक्याच आनंदाने करतं. तेव्हा उरलेल्या सत्तर-पंचाहत्तर साखळ्या सुकवताना गुठळ्यांच्या फटींत अडकल्या असणार. डीएलएसमधले २४० आणि दोन तासांत बसणारा गाळ हेच सांगतात. ११ नॅनोमीटरचा सुटा कण आणि त्याभोवती पीईजीचा खरा थर असता तर डीएलएसने पंचवीस-तीस दाखवले असते. फेरुमॉक्सिटॉल हे २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध घ्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या लोहाच्या कमतरतेसाठी ते शिरेतून देतात. त्यात लोहाच्या ऑक्साइडच्या गाभ्यावर कार्बोहायड्रेटचा लेप आहे, आणि लेपासकट आकार साधारण ३० नॅनोमीटरपर्यंतच राहतो. तिथे लेपाला लोहाला धरणारे कार्बोक्झिमेथिल गट आहेत, आणि सगळं त्यांवर उभं आहे.

हे सगळं हिशेबाने झालं. प्रयोगाने तपासायचा मार्ग सोपा आहे : धुवा आणि मोजत राहा. लेप दिलेले कण पाण्यात घ्या, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी वेगळं ठेवा, पुन्हा पाणी घाला. प्रत्येक धुण्यानंतर थोडा नमुना सुकवून टीजीए करा आणि काढलेल्या पाण्यात पीईजी आहे का ते बेरियम क्लोराइड-आयोडीनच्या रंगक्रियेने बघा. धुण्यांची संख्या आडव्या अक्षावर, वजनघट उभ्या अक्षावर. आलेख खाली येऊन एका पातळीवर थांबला तर ती पातळी म्हणजे तुमचा खरा लेप. प्रत्येक धुण्यासोबत घसरतच राहिला तर लेप नाही, नुसतं मिश्रण आहे. सोबत एक नियंत्रण नमुना ठेवा : तेवढेच लेप नसलेले कण आणि तेवढंच पीईजी खोलीच्या तापमानाला नुसतं ढवळलेलं, आणि तेही तसंच धुतलेलं. दोन्ही आलेख एकमेकांवर पडले तर तुमच्या लेप देण्याच्या पायरीने काहीच साधलं नाही, असं स्पष्ट म्हणता येईल. पेपरमध्ये हा आलेख दिसला की माझा त्या कामावर लगेच विश्वास बसतो.

एफटीआयआरवर एवढा भरवसा ठेवू नका. ११०० ची (हे आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये) ईथरची पट्टी, २८८० ची सी-एचची, ५८० च्या आसपासची लोह-ऑक्सिजनची : या तिन्ही एकत्र दिसल्या की ‘लेप यशस्वी’ असं लिहायची प्रथा पडली आहे. पीईजीची पूड आणि मॅग्नेटाइटची पूड खलात एकत्र घोटून केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेट केलीत तरी नेमका हाच वर्णपट मिळतो. बंध झाला हे कळायला पट्टी सरकलेली किंवा नाहीशी झालेली दिसायला हवी. पॉलिॲक्रिलिक आम्लात १७१० ची कार्बोनिलची पट्टी असते. आम्लगट लोहाला धरला की ती नाहीशी होते आणि १५५० व १४०० च्या आसपास कार्बोक्झिलेटच्या दोन पट्ट्या येतात. तिथेही घाई नको : १६३० ला पाण्याची पट्टी असते, आणि पावसाळ्यात केबीआर नीट तापवून घेतलेलं नसेल तर ती सगळं झाकून टाकते.

टीईएमकडूनही लेपाची अपेक्षा करू नका. पॉलिमरमधून इलेक्ट्रॉन जवळजवळ सरळ निघून जातात, म्हणून चित्रात गाभाच दिसतो. कणांभोवतीची फिकट कडा बऱ्याचदा ग्रिडवर साचलेली घाण किंवा फोकसचा परिणाम असते. लेप दाखवायचाच असेल तर युरॅनिल ॲसिटेटने निगेटिव्ह स्टेनिंग (लेपाभोवतीची पार्श्वभूमी गडद करणं) करून घ्या. शिवाय ग्रिडवर थेंब सुकताना सुटे कणही एकमेकांजवळ येतात, तेव्हा गुठळ्या द्रवात होत्या की सुकताना झाल्या हे टीईएम सांगू शकत नाही. ते डीएलएसचं काम. त्यासाठी नमुना पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचा होईपर्यंत विरळ करा. गडद नमुन्यात लेझर शोषला जातो आणि आकडा भलताच येतो. मोठे कण प्रकाश प्रचंड विखुरतात : व्यास दहापट झाला तर विखुरणं दहा लाखपट. म्हणून मूठभर गुठळ्याही सरासरी फुगवतात. ‘नंबर’ प्रमाणे, म्हणजे कणांच्या संख्येप्रमाणे, वितरण घेऊन छोटा आकडा छापायचा मोह होतो, तो टाळा. प्रकाशाच्या तीव्रतेप्रमाणे मिळालेला आकडा आणि पीडीआय (आकार किती पसरलेत त्याचा निर्देशांक) हेच द्या.

बाटलीला चुंबक लावल्यावर कण काही सेकंदांत एका बाजूला गोळा होतात, तो फोटो जवळपास प्रत्येक प्रबंधात असतो आणि अभिमानाने दाखवला जातो. सुट्या राहिलेल्या ११ नॅनोमीटरच्या कणांना साधा चुंबक असा झटपट ओढू शकत नाही, उष्णतेची हालचाल त्यांना पसरवत राहते. पाणी लगेच नितळ झालं याचा अर्थ कण गुठळ्यांत आहेत. पाण्यातलं प्रदूषण काढायचं असेल तर हा गुण चांगला. रक्तात सोडायचे असतील तर हाच दोष. तुमचं उद्दिष्ट हायपरथर्मिया आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुमच्यासाठी तो दोषच आहे.

पुढे काय करायचं, तर पहिलं म्हणजे कण सुकवणं थांबवा. लेप नसलेले कण ओव्हनमध्ये ठेवून पूड करायची आणि मग ती पीईजीच्या द्रावणात सोनिकेट करायची, ही पद्धत मुळातच चुकते. सुकताना शेजारशेजारच्या कणांवरचे हायड्रॉक्सिल पाणी सोडून एकमेकांना जोडले जातात, ते सोनिकेटरने परत सुटत नाहीत. मग पॉलिमर कणांवर बसण्याऐवजी गुठळीवर बसतं. शिवाय ७०-८० अंशांना रात्रभर ठेवलेली काळी पूड सकाळी तपकिरी झलक दाखवते, म्हणजे मॅग्नेटाइटचं मॅगेमाइट (त्याचंच ऑक्सिडाइझ झालेलं, तरीही चुंबकी रूप) होऊ लागलेलं असतं. पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत सगळं ओलंच ठेवा, आणि द्रवात कण किती आहेत ते कळण्यासाठी एक-दोन मिलिलिटर बाजूला काढून तेवढंच सुकवा.

कण बनवण्याच्या पायरीवर थोडक्यात सांगते, कारण तुमचं ते बरं जमलंय. ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट आणि दोन ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट यांतून २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळायला हवं. याहून बरंच जास्त मिळालं तर धुणं अपुरं आहे. कोकण-कोल्हापूरकडच्या पावसात फेरिक क्लोराइडची बाटली उघडली की खडे ओले होतात आणि तुम्ही वजन करता त्यात पाणीच बरंच असतं. म्हणून थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लात साठ्याचं द्रावण करून त्यातलं लोह फिनँथ्रोलिनने ५१० नॅनोमीटरला मोजून घ्या, मग वजनावर अवलंबून राहायला नको. फेरस क्लोराइड फिकट हिरवं असायला हवं. पिवळट-तपकिरी झालेलं वापरू नका. त्याऐवजी बारावीच्या प्रात्यक्षिकातलं मोहर सॉल्ट घ्या, ३.९ ग्रॅम. ते हवेत बरंच टिकतं आणि स्वस्तही आहे. पाण्यातून नायट्रोजन सोडून घ्या. ढवळायला वरून लावायचा यांत्रिक स्टरर हवा : चुंबकी बारने ढवळलं तर तयार होणारे कण बारलाच चिकटून गोळा होतात आणि उरलेल्या द्रवापेक्षा वेगळे वाढतात.

आता लेप. तुमच्यासाठी मी सुचवेन तो मार्ग मासार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या १९८१ च्या पद्धतीवर उभा आहे, आणि त्यासाठी मॅग्नेटाइटचा हट्ट सोडावा लागेल. धुतलेले ओले कण आधी नायट्रिक आम्लात ढवळायचे, मग फेरिक नायट्रेटच्या द्रावणात साधारण अर्धा तास उकळायचे. काळा रंग जाऊन लालसर तपकिरी येतो : मॅग्नेटाइटचं पूर्ण मॅगेमाइट झालं. चुंबकन थोडं उतरतं, पण आता हवेत आणखी काही बिघडायचं राहत नाही. तसाही आम्लात मॅग्नेटाइटमधला फेरस बाहेर पडतोच. अर्धवट बदललेल्या, दर आठवड्याला वेगळा आकडा देणाऱ्या कणांपेक्षा पूर्ण बदललेले कण कितीतरी बरे. चुंबकाने बसवून, आम्ल पूर्ण काढून टाकून, ॲसिटोनने धुऊन पाण्यात सोडले की पीएच दोनच्या आसपास ते धन प्रभाराने एकमेकांना दूर ठेवतात आणि गाळ न बसता महिनोन्‌महिने टिकतात. आम्लाचा कचरा आणि ॲसिटोनचा कचरा एका बाटलीत कधीही टाकू नका, नायट्रिक आम्ल आणि ॲसिटोनची बाटली फुटू शकते.

हा स्थिर द्रव हातात आला की निम्मं काम झालं, कारण आता पॉलिमरला प्रत्येक कण सुटा भेटतो. दोन हजार रेणुभाराचं पॉलिॲक्रिलिक आम्ल पाण्यात विरघळवून त्याचाही पीएच दोनवर आणा. मग कणांचा द्रव पॉलिमरमध्ये ओता, उलट नको. पॉलिमर थेंबाथेंबाने कणांमध्ये घातलं तर सुरुवातीला ते कमी पडतं, एकच साखळी दोन-तीन कणांना धरते आणि पूल बांधते. मोठ्या रेणुभाराचं पॉलिमर हे पूल आणखी सहज बांधतं, म्हणून दोन हजारच घ्या, लाखाचं नको. ओतल्याबरोबर तपकिरी गाळ खाली बसेल. घाबरू नका, हे व्हायलाच हवं. वरचं पाणी काढून टाका, म्हणजे जास्तीचं पॉलिमरही जातं, आणि गाळावर ढवळत ढवळत विरळ अमोनिया घाला. पीएच सात-आठच्या पुढे गेला की गाळ विरघळल्यासारखा पुन्हा पाण्यात मिसळतो आणि उजेडासमोर धरलं तर आरपार दिसणारा लालसर द्रव मिळतो. सोनिकेटर लागतच नाही. मिसळला नाही, तर पॉलिमर कमी पडलंय किंवा मूळ द्रवातच गुठळ्या होत्या.

पीईजीच हवं असेल, म्हणजे शरीरात प्रथिनं कमी चिकटावीत म्हणून, तर एका टोकाला पकड असलेलं पीईजी घ्या. फॉस्फोनेट हा माझ्या पसंतीचा गट. कॅटेकॉलही घट्ट धरतं, पण जास्त पीएचला आणि हवेत ते स्वतःच ऑक्सिडाइझ होतं, त्यामुळे सांभाळून. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या पॉलिॲक्रिलिक थरावरच्या मोकळ्या आम्लगटांना अमाइन टोकाचं पीईजी जोडणं. कायटोसानकडे आपल्याकडे बरेच जण वळतात, कारण ते कोळंबीच्या सालींपासून मिळतं आणि स्वस्त पडतं. हरकत नाही, पण त्याचे अमाइन गट पीएच साडेसहाच्या वर प्रभार गमावतात आणि रक्ताचा पीएच ७.४ आहे. आम्लधर्मी बफरमध्ये सुंदर दिसणारा कायटोसानचा लेप तिथे गोळा होतो.

यामुळेच शेवटची परीक्षा शुद्ध पाण्यात घेऊ नका, फॉस्फेट बफर सलाईनमध्ये घ्या. त्यातलं मीठ प्रभाराचं संरक्षण दाबून टाकतं, आणि फॉस्फेट लोहाला कार्बोक्झिलेटपेक्षा घट्ट धरत असल्यामुळे सैल लेप उचकटून काढतं. अनेक गटांनी एकाच वेळी धरलेली पॉलिॲक्रिलिकची साखळी तग धरते, एकट्या सायट्रेटला ते जड जातं. डीएलएस लगेच, २४ तासांनी आणि आठवड्याने घ्या. नंतर तेच दहा टक्के सीरम घातलेल्या माध्यमात. हायपरथर्मियाची मोजणी त्यानंतरच करा, आणि एसएआर (कण किती उष्णता देतात त्याचं माप) लोहाच्या दर ग्रॅमला द्या. गुठळी झालेल्या कणांचा एसएआर पाण्यात एक येतो आणि माध्यमात दुसराच.

नमुने बाहेर पाठवताना, मुंबईच्या आयआयटीतल्या सॅफ या उपकरण केंद्राला असोत किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, टीईएमसाठी द्रवाची बाटली पाठवा, पूड पाठवू नका. व्हीएसएमला पूड लागते, ती शेवटच्या धुण्यानंतरच्या द्रवातली असावी आणि त्याच पुडीचा टीजीएही झालेला असावा, म्हणजे भागाकार एकाच नमुन्याचा होतो. व्हीएसएमच्या आलेखात दहा-वीस ओरस्टेडचं निग्राही क्षेत्र (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) दिसलं तर ते कणांचा गुण म्हणून लिहू नका. विद्युतचुंबकात उरलेलं क्षेत्रही तेवढंच असतं. पॅलेडियमचा मानक नमुना त्याच दिवशी चालवून मागा आणि त्याचा आकडा तुमच्या वहीत शेजारी लिहून ठेवा.

सध्याची पूड फेकू नका. धुण्याचा आलेख तिच्यावरच करा, या आठवड्यातच होईल. तो आलेख आणि कणामागच्या साखळ्यांचा हिशेब घेऊन गाईडकडे जा. पॉलिमर कमी करायचं की पॉलिमरच बदलायचं, याचा निर्णय तुम्हा दोघांना ते दोन कागद समोर ठेवून घेता येईल.